तळमजल्याचा घुमारा

आमच्या घरात सगळ्यात चांगला बास संडासात ऐकू यायचा.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, गुडघे बदलून घेतात. मी मागच्या बेडरूमची लिसनिंग रूम केली. समोर दोन उंच स्पीकर, मधोमध आरामखुर्ची आणि कोपऱ्यात सबवूफर. म्हणजे नुसते खालचे, जाड, पोटात घुमणारे आवाज काढणारा डबा. डबा कसला, धान्याची कणगीच. एवढं करून खुर्चीत बसलो, तर पखवाजाची थाप अशी यायची, जशी कुणीतरी बुटाच्या खोक्यावर टिचकी मारतंय. आणि उठून लघवीला गेलो की तीच थाप बरगड्यांत घुसायची.

रविवारी माझे ऐकणारे मित्र यायचे. त्यांनाही हा शोध लागला. एकदा वैजयंती, माझी बायको, चहा घेऊन आली तर खुर्च्या रिकाम्या आणि संडासात तीन प्रतिष्ठित नागरिक डोळे मिटून माना डोलवत उभे.

“अहो,” ती म्हणाली, “चहा इथं ठेवू, का आत आणू?”

त्या तिघांतले एक कणसे सर. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले आणि आमच्याच ‘श्रमसाफल्य’ सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणारे. संडासातून बाहेर येत त्यांनी निदान केलं.

“शेखरराव, हा बिघाड नाही, भूमिती आहे. चाळीस हर्ट्झचा सूर म्हणजे हवेचे सेकंदाला चाळीस हेलकावे. असा एक हेलकावा अठ्ठावीस फूट लांब असतो. तुमची खोली चौदा फूट, बरोब्बर अर्धी. हेलकावा या भिंतीवर आपटून परत येतो, त्या भिंतीवर आपटून परत जातो. जाणारा आणि येणारा मधोमध भेटतात आणि एकमेकांचा खातमा करतात. भिंतीला, कोपऱ्याला मात्र दुप्पट. तुमची खुर्ची कुठं आहे? मधोमध. संडास कुठं? कोपऱ्यात.”

“मग आवाज वाढवतो.”

“वाढवा की. जाणारा वाढेल, येणाराही वाढेल. खड्डा तेवढाच.”

मी दोन वर्षं इक्वलायझरशी झगडलो. कुठला सूर किती मोठा ठेवायचा ते ठरवणाऱ्या खुंट्यांची रांग म्हणजे इक्वलायझर. त्यानं उंचवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही. आपल्याकडच्या रस्त्यांवरून गाडी चालवलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मोबाइलचा माइक लावून मी रोज आलेख काढायचो. सगळे सूर सारखे आले तर आलेखाची रेघ सरळ येते. माझी रेघ सह्याद्रीसारखी यायची. मला ती टेबलासारखी हवी होती. बास, आयुष्यात दुसरं काही नको होतं.

खालच्या, म्हणजे तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझी थोरली बहीण आक्का आणि दाजी राहायचे. दाजी म्हणजे सदाशिव पुजारी. मिरजेत तबल्याला, पखवाजाला हातानं कातड्याची पुडी चढवणारी जी थोडी माणसं उरली होती, त्यांतले एक. बाजारातलं त्यांचं दुकान रस्ता रुंदीकरणात गेलं, तेव्हा मी मोठ्या मनानं म्हटलं, माझा खालचा फ्लॅट रिकामाच आहे, या. दाजी सहा महिने नको म्हणत होते. बायकोच्या भावाच्या छपराखाली राहायचं म्हणजे आमच्याकडं माणसाची मान खाली. शेवटी आले, पण आले ते पाहुण्यासारखे. नळ गळला तर गुपचूप स्वतः दुरुस्त करायचे. लिफ्टमध्ये पाय ठेवायचे नाहीत. कसं चाललंय, विचारलं की एकच उत्तर: “झ्याक हाय की, पाव्हणं.” एका उन्हाळ्यात त्यांचा पंखा महिनाभर बंद होता. तो महिनाही झ्याकच गेला.

दोन हजार सदतीसच्या दिवाळीत ‘समतल’ बाजारात आलं आणि मी ते पहिल्या आठवड्यात घेतलं.

वहीएवढ्या बारा पट्ट्या भिंतींवर चिकटवायच्या. प्रत्येक पट्टी ऐकतेही आणि थरथरतेही. तुमचे कान खोलीत नेमके कुठं आहेत, यावर यंत्राची सतत नजर. कानांपाशी जो हेलकावा नको, त्याच्या बरोबर उलटा हेलकावा ते सोडतं. तिथं बेरीज शून्य. जो हवा, तो तिथं गोळा करतं. जादू कसलीच नाही. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एवढंच होतं, की ध्वनीची ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त दुसरीकडं सरकते. ते वाचून मला बरंच वाटलं. दुसरीकडं म्हणजे माझ्याकडं नाही.

पहिल्याच संध्याकाळी दाजींना वर बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि पखवाज लावला. थाप आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दाजी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“कसं?”

“झ्याक हाय की, पाव्हणं.” मग उठता उठता, “शेवटाला कणीक वाळलीया त्याची. थांबून पानी लावाय पायजे हुतं.”

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात, त्यानं तो खालचा घुमारा येतो. अर्ध्या तासात तो गोळा वाळत गेला, हे दाजींना ऐकू आलं. मला फक्त माझं यंत्र ऐकू येत होतं.

पंधरा दिवसांनी आमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर चमत्कार झाला. हळदीचे व्यापारी चौगुले यांच्या देवघरात समईची ज्योत रोज संध्याकाळी सात वाजता नाचायला लागली. वारा नाही, पंखा नाही आणि ज्योत कमरेत वाकून नाचतेय. चौगुल्यांनी देवघराबाहेर चपलांचा स्टँड ठेवला. तिसऱ्या दिवशी जिन्यात रांग लागली. पाचव्या दिवशी एका बाईच्या अंगात आलं. सातव्या दिवशी आक्का दाजींना दर्शनाला घेऊन गेली. दाजींनी हात जोडले, ज्योतीकडं जरा वेळ बघितलं आणि मांडीवर बोटं आपटत सहज बोलून गेले, “झपताल हाय.”

मागंच कणसे सर उभे होते. त्यांनी छताकडं बघितलं. छतावर मी होतो.

तातडीची मीटिंग बोलावली गेली. मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे माझ्याविरुद्धची मीटिंग मलाच बोलवावी लागली, चहाही मलाच सांगावा लागला.

“तुझा तो दणका माझ्या देवाच्या डोक्यावर?” चौगुले ओरडले. “मी अठरा नारळ फोडले तुझ्या सबवूफरला!”

“काका,” मी म्हणालो, “प्रसाद वाटलात ना? मग पुण्य लागलंच.”

मारामारीच व्हायची, पण कंपनीचा माणूस मीटिंगला आला होता आणि त्यानं मार्ग काढला. सगळ्या चौदा फ्लॅटनी समतल घ्यायचं. मग यंत्रं एकमेकांशी बोलतात, त्याला म्हणतात सहकार मोड. ज्याला बास हवा त्याला बास, ज्याला शांतता हवी त्याला शांतता. शिवाय बोअरचा पंप, मिक्सर, हायवेच्या ट्रकची घरघर, सगळं खालचं घुमणं प्रत्येकाच्या घरातून बाहेर ढकललं जाईल.

“बाहेर म्हणजे कुठं?” कणसे सरांनी विचारलं. “रस्त्यावर?”

“रस्त्यापलीकडं नगरसेवकाचा बंगला आहे,” चौगुले म्हणाले.

विषय तिथंच संपला.

“इमारतीतच कुठंतरी जिरवता येतं,” कंपनीचा माणूस म्हणाला. “यंत्र शोधतं जागा. जिथून तक्रार कमी, तिथं.”

समतलचं सगळं गणित त्या एका आकड्यावर चालायचं. कुठं किती आवाज आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. कुठून किती ओरड होते, तेवढंच ते मोजायचं. आणि ते चुकीचं तरी कसं म्हणायचं? आपलं सगळं जग त्याच हिशेबानं चालतं. तर प्रत्येक घरानं फॉर्म भरायचा होता: घुमणाऱ्या आवाजाबद्दल तुमची तक्रार आहे का? चौगुल्यांनी नऊ तक्रारी लिहिल्या, त्यांतली एक सुनेबद्दल होती. कणसे सरांनी चार पानं पुरवणी जोडली. मी मात्र खुशीत होतो. ‘पूर्ण समाधानी’ लिहिलं आणि पाच तारे दिले.

दाजींकडं बटणांचा फोन. त्यांचा फॉर्म सेक्रेटरीनं, म्हणजे मीच भरायचा होता. खाली जाऊन विचारायला तीन जिने उतरावे लागले असते. लिफ्टही होती. पण दाजी काय म्हणणार, ते मला तोंडपाठ होतं. मी त्यांच्या फ्लॅटपुढं लिहिलं: तक्रार नाही. आणि ते खोटं नव्हतं. हेच तर सगळ्यात वाईट, की ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून श्रमसाफल्य सोसायटी हिमालयात गेल्यासारखी झाली. पंप चालू आहे की बंद, ते टाकी भरून वाहिल्यावरच कळायचं. चौगुल्यांच्या घरात ज्योत सरळ आणि सूनबाई गप्प. माझ्या खोलीतली रेघ टेबलासारखी सरळ, एखादी पेन्सिल ठेवली असती तर घरंगळली नसती. सोसायटीनं मला शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या पहिल्यांदा दाजींनी वाजवल्या.

तीन महिन्यांनी, भर दुपारी आक्का वर आली. सहसा यायची नाही. दारातच उभी राहिली.

“शेखर, ह्यांचं कान गेलं रं.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कोन कशाला पायजे? बारा जोड गोव्याला पाठवलं हुतं, संगीत शाळेला. बाराच्या बारा परत आलं. डग्गे बोलत न्हाईत म्हणं. चाळीस वर्सांत एक पुडी परत आली न्हाई ह्या मानसाची. आन् आता म्हणत्यात, वय झालं, हातोडी ठेवावी.” तिनं पदरानं नाक पुसलं. “तुला सांगू नको म्हणत हुतं. तू काय सांगू नकोस, मी आलते म्हणून.”

मी खाली गेलो. आत पाऊल टाकलं आणि कानांत कुणी ओला कापूस कोंबावा तसं झालं. आवाज म्हणावा तर काहीच नाही. फक्त छातीवर कुणीतरी तळहात ठेवून उभं असल्यासारखं. स्वयंपाकघरातल्या घागरीत पाण्यावर वळ्या उठत होत्या आणि विरत नव्हत्या. पुढच्या खोलीत दाजी डग्ग्यावर कान टेकवून बसले होते. काठाच्या गजऱ्यावर हातोडीचा हलका ठोका, मग बोटानं थाप, मग ऐकणं. पुन्हा ठोका.

“या, पाव्हणं. बसा.”

“काय म्हणताय, दाजी?”

“झ्याक हाय.” मग डग्ग्याकडं बघत, “चढलं का उतरलं, तेवढं कळंना झालंय. अंगणात नेलं की कळतंय, चुकलं. घरात आणलं की पुन्हा आंधळं.”

“मग अंगणातच बसा की.”

“उनात कातडं ताणतंय. खोटा सूर लागतो.”

मी मोबाइल काढून मोजलं. पडद्यावर डोंगर उभा राहिला. चौदा घरांतला पंप, मिक्सर, ट्रक आणि माझा पखवाज, सगळं एकावर एक रचून दाजींच्या पुढच्या खोलीत आणून ओतलेलं. माझी रेघ सरळ होती, कारण तिचे डोंगर इथं होते. कानाची रचनाच अशी असते, की खालचा आवाज जोरात असला की तो वरच्या आवाजांना झाकतो. झाकणारा आवाज इतका खालचा, की तो आवाज म्हणून कळतही नाही. ऐकू येईनासं होतं ते बाकीचं. दाजींचे कान ठणठणीत होते. त्यांच्यावर इमारत बसली होती.

हे सगळं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

“हवा दमट आहे, दाजी,” मी म्हणालो. “होईल ठीक.”

वर येऊन समतलचं ॲप उघडलं. सेक्रेटरीला कुणाचाही फॉर्म बदलता यायचा. दाजींच्या फ्लॅटपुढं ‘तक्रार आहे’ केलं. यंत्रानं नवा हिशेब मांडला आणि नम्रपणे विचारलं: पुढची सोयीची जागा, फ्लॅट क्रमांक ३०२, मागील खोली. बदल करायचा?

फ्लॅट ३०२ म्हणजे मी. मागील खोली म्हणजे माझी खोली. संपूर्ण इमारतीत दाजींच्या खालोखाल कमी तक्रार माझी होती. मी पूर्ण समाधानी होतो, पाच तारे दिले होते. यंत्राच्या मते जो सुखी, त्याची सोसायची ताकद जास्त. मी माझी तक्रार लिहायला गेलो, तर उत्तर आलं की समाधानी ग्राहकांना वर्षभर मत बदलता येत नाही.

वैजयंती मागं कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

“काय झालं?”

“सर्व्हर डाऊन आहे.”

“इथं तर स्वच्छ लिहिलंय. वन्संच्या घरातलं इकडं आणायचं का, म्हणून विचारतंय.” तिनं चष्मा वर केला. “मग दाबा ना.”

“वैजू, अगं दोन वर्षं मी त्या रेघेसाठी…”

“आई गेल्यावर तुम्हाला कुणी सांभाळलं? परीक्षेला सांगलीला सायकलवरून डबलसीट कुणी नेलं? या पाच ताऱ्यांनी?”

“एवढं काय त्यात? मी त्यांना फुकट घर दिलंय.”

“हं,” ती म्हणाली. “आता आलं बघा बाहेर.”

पडद्यावर दोनच बटणं होती. तिच्या डोळ्यांदेखत मी ‘रद्द’ दाबलं. त्या दिवसापासून ती मागच्या खोलीत चहा आणायची बंद झाली.

केलेल्या पापाला काहीतरी वाट हवी असते. मी दाजींसाठी श्रवणयंत्र मागवलं, बाजारातलं सगळ्यात उत्तम, स्वतःच्या हातानं त्यांच्या कानांत बसवलं. आक्काला भरून आलं. “भावानं केलं बाई,” म्हणून तिनं अख्ख्या सोसायटीत सांगितलं. ठणठणीत कानांचा माणूस, मेहुण्याचा मान म्हणून, दिवसभर ते यंत्र घालून बसायला लागला. पेपरचं पान उलटलं तरी दचकायचा. चौगुल्यांनी जिन्यात शिंक दिली, तेव्हा दाजींच्या हातातली, पुडीवर लावायच्या शाईची वाटी सांडली.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“झ्याक. मुंगी चालली तरी ऐकाय येतंय.” ते हसले. “डग्गा तेवढा सोडून.”

नवव्या दिवशी संध्याकाळी दाजी तीन जिने चढून वर आले. श्रवणयंत्र डबीत, डबी रुमालात. रुमालाची गाठ सोडून त्यांनी ती टेबलावर ठेवली.

“पाव्हणं, आमी आरगला जातोय. गावाकडच्या खोलीत. पत्रा हाय वर, पन चालंल.”

“अहो, पण का? डॉक्टरांना दाखवू. कानाचा इलाज…”

“कान बरं हाईत.” ते अजून उभेच होते. “तुमच्या पंपाचा एक सूर, चौगुल्याच्या मिक्सरचा एक, आन् तुमच्या त्या कणगीचा एक. पयल्या दिवशीच कळलं. तीन सूर, आन् तिन्ही एकमेकाला लागत न्हाईत.”



“मग बोलला का नाही, दाजी?”

“कुठल्या तोंडानं? तुमच्या घरात राहून?” आवाज चढला नव्हता. “मला वाटलं, पाव्हणं यंत्रवालं हाईत. आज न्हाई उद्या त्यांनाच कळंल. मग तुमी आला त्या दिवशी. मोजलासा. मोबाइलात बघितलासा. म्हटलं, झालं, कळलं. मग तुमी म्हणाला, हवा दमट हाय.”

स्वयंपाकघराच्या दारात वैजयंती उभी होती. तिनं वाकून त्यांना नमस्कार केला. मी करायला वाकलो, तेव्हा दाजी जिन्यापर्यंत पोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इलेक्ट्रिक छोटा हत्ती आला. खोडं, कातडी, वाद्या आणि आक्काची भांडी, सगळं एका फेरीत गेलं. आक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. टेम्पोच्या हौद्यात खुर्ची ठेवून तीवर ती बसली आणि गाडी वळेपर्यंत कडीला धरून समोर बघत राहिली.

तळमजला रिकामा झाल्यावर सोसायटीत आनंदाची लाट आली. रिकाम्या फ्लॅटइतकी उत्तम जागा यंत्राला दुसरी कुठली असणार? चौगुल्यांनी मीटिंगमध्ये ठराव मांडला, की हा फ्लॅट कायम असाच ठेवावा. दारावर पितळी पाटी लावली: ‘ध्वनी विसर्जन कक्ष’. उद्घाटनाला नगरसेवक आले, नारळ फुटला. कणसे सरांनी भाषणात सांगितलं, की विज्ञानानं समस्या सुटते, फक्त समंजसपणा हवा. माझा फ्लॅट मी रिकामा ठेवू दिला, हा माझा समंजसपणा म्हणून मला दुसरी शाल मिळाली.

त्याच दिवशी मी वर येऊन ॲप उघडलं. दाजींच्या फ्लॅटपुढं ‘तक्रार आहे’ केलं. या खेपेस ३०२ आलं असतं तरी मी ‘होय’ दाबणार होतो. शप्पथ घेऊन सांगतो, दाबणार होतो. उत्तर आलं: या जागेत कुणी राहत नाही. तक्रार स्वीकारता येत नाही.

मग मी खोलीतल्या बाराही पट्ट्या ओढून काढल्या. भिंतीचा रंग पोपड्यांसकट निघाला. फरक काहीच पडला नाही. बाकीची तेरा यंत्रं एकमेकांशी बोलून माझ्याशिवाय चालवत राहिली.

पुढच्या रविवारी आरगला गेलो. एकटाच. वैजयंती म्हणाली, मी गेले तर नीट जाईन, राहायला जाईन.

देवळामागं एक खोली, वर पत्रा. दाराशी कडुलिंबाच्या सावलीत दाजी सतरंजी टाकून बसले होते. मांडीत डग्गा. आक्कानं मला बघितलं, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापासून हातभर लांब ठेवला.

“बस,” एवढंच म्हणाली.

दाजींनी मान हलवली, काम थांबवलं नाही. ठोका, थाप. आणि त्या थापेतून तो घुमारा निघाला. खालून उठून, वळून, हळूच बसलेला. माझ्या मागच्या खोलीत, त्या सरळ रेघेवर, असा आवाज एकदाही आला नव्हता.

मी बोलायला सुरुवात केली. दाजी, चुकलं. मी पट्ट्या काढून टाकल्यात. सोसायटीवर केस करतो. अकरा ते पाच सगळी यंत्रं बंद ठेवायला लावतो, तसा ठराव आणतो. फ्लॅटला दुहेरी भिंत घालतो, कणसे सर म्हणतात वाळू भरली की निम्मं अडतं. नाहीतर मी खाली राहतो, तुम्ही वर या. फ्लॅट आक्काच्या नावावर करतो. श्रवणयंत्र परत नको असेल तर नको. गोव्याच्या शाळेला मी पत्र लिहितो, माझ्या सहीनं, की चूक कारागिराची नव्हती. दाजी, तुम्ही परत या. मी बोलत होतो, थांबलो की दाजी नको म्हणतील म्हणून आणखी बोलत होतो, पहिल्यापासून पुन्हा, आणखी मोठ्यानं.

हातोडी थांबली. दाजींनी तळहात डग्ग्यावर टेकवला, घुमारा तिथंच दाबला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. आक्काच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या माणसानं माझ्यापाशी कधी तक्रार केली नव्हती. पण इथं छप्पर त्यांचं होतं.

“शेखरराव,” ते म्हणाले, “आवाज कमी करा.”